गिअरबॉक्स बदलला, पण क्लच सुटंना : पेडलच्या ट्रॅव्हलचा हिशोब



गॅरेज टाकायचं ठरवलेल्या पोरांपैकी बरेच जण मला विचारतात, "सर, गिअरबॉक्स बदलायची कामं घ्यावीत का? पैसा चांगला आहे म्हणतात." पैसा चांगला आहे, हे खरंय. आपल्या चाकूर, अहमदपूर, उदगीर भागात अजून जुन्या जीपा पळतात. कमांडर, एमएम-५४०, कुणाची काळीपिवळी, कुणाची शेतातली. एमएम-५४०ला कंपनीतून केएमटी-९० नावाचा चार गिअरचा बॉक्स यायचा. आता लातूर-नांदेड हायवे झाला, गाड्या सरळ रेषेत तासभर पळतात, मग मालकाला वाटतं पाचवा गिअर पाहिजे, इंजिन कमी ओरडेल, डिझेल वाचेल. भंगार बाजारातून पाच गिअरचा बॉक्स मिळतो, आणि काम तुमच्याकडं येतं.

पण या कामात नवीन माणूस बुडतो तो बॉक्स बसवण्यात नाही. बॉक्स बसतो. मागचा प्रोपेलर शाफ्ट लांबी बघून करून घेता येतो, माउंटिंगची पट्टी वेल्डिंगवाला करून देतो. माणूस बुडतो तो क्लचच्या पेडलवर. गाडी द्यायच्या दिवशी पेडल पार खाली जातं आणि गिअर पडत नाही. मग बॉक्स परत खाली. मजुरी कुणाची? तुमची.

माझी गेलेली आहे, म्हणून सांगतो.

सोयाबीन निघायच्या तोंडावरची गोष्ट. नळेगावकडच्या एका मामांची जुनी जीप होती. मूळचा क्लच सळई आणि लिव्हरवर चालणारा. आम्ही तिला एका पिकअपचा पाच गिअरचा वापरलेला बॉक्स बसवला, आणि त्या बॉक्सला क्लच हायड्रॉलिक, म्हणजे वरचा मास्टर सिलिंडर, खालचा स्लेव्ह सिलिंडर आणि मधी तेलाची नळी. पेडल जुन्या जीपचंच ठेवलं. मास्टर सिलिंडर दुकानात होता तो लावला. प्रेशर प्लेट इंजिनला बसेल ती. म्हणजे पेडल एका गाडीचं, वरचा सिलिंडर दुसऱ्या, बॉक्स तिसऱ्या. प्रत्येक वस्तू चांगली होती. एकमेकांशी त्यांची ओळख नव्हती एवढंच.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन. "मालक, पाय फळीला टेकूलालाय तरी रिव्हर्स पडंना. नुस्ता खर्रर्र करूलालाय."

आम्ही काय केलं? बॉक्स उतरवला आणि क्लच प्लेट, प्रेशर प्लेट नवी टाकली. फरक शून्य. मग माझ्या मिस्तरीनं मास्टरच्या पुशरॉडचा नट फिरवून रॉड लांब केला. गिअर बऱ्यापैकी पडायला लागले, आम्ही खूश. दोन दिवसांनी भरलेली गाडी चढावर क्लच स्लिप मारायला लागली, प्लेट जळल्याचा वास. बॉक्स पुन्हा खाली. मामांची गाडी हंगामाच्या पाच दिवस माझ्या दारात उभी. आडतीला माल न्यायला त्यांनी दुसऱ्याची गाडी भाड्यानं केली. मला तोंडावर काही बोलले नाहीत, पण रोज संध्याकाळी येऊन कट्ट्यावर बसायचे. ते बोलण्यापेक्षा जड जातं.

पाचव्या दिवशी मी व्हर्नियर आणि वही घेऊन बसलो. जे पहिल्या दिवशी करायचं होतं ते.

आधी समजून घ्या, पेडल काय करतं

पायाखाली पेडल १५० मिमी खाली जातं. पण आत प्रेशर प्लेट जेमतेम दीड-दोन मिमी मागे सरकते. एवढ्यानंच क्लच प्लेट मोकळी होते आणि गिअर पडतो. म्हणजे मधली सगळी यंत्रणा ही लांब हालचाल घेऊन छोटी पण जोरदार हालचाल करून देणारी आहे. विहिरीवर पहारीनं दगड उचलता तसंच. पहार लांब धरली तर जोर कमी लागतो, पण दगड थोडाच हलतो. आखूड धरली तर दगड जास्त हलतो, पण जोर लागतो. क्लचमध्ये अशा चार पहारी एकामागे एक आहेत : पेडल, मास्टर-स्लेव्ह सिलिंडरची जोडी, क्लच फोर्क, आणि प्रेशर प्लेटच्या आतला डायफ्राम.

कंपनीनं गाडी बनवताना या चौघांचा मेळ घातलेला असतो. बॉक्स बदलला की मेळ मोडतो. हे इतकं साधं आहे, पण गॅरेजमध्ये कुणी वहीवर मांडत नाही.

मामांच्या गाडीचे आकडे असे निघाले. पेडलचा खिळा, जिथून ते फिरतं, तिथून पायाच्या पॅडपर्यंतची लांबी ही खिळ्यापासून पुशरॉडपर्यंतच्या लांबीच्या सहापट होती. म्हणजे पॅड १५० मिमी गेला की पुशरॉड २५ मिमी जातो. त्यातला साधारण एक मिमी पुशरॉड आणि पिस्टनच्या मधली मोकळी जागा खाते, आणखी एक मिमी मास्टरमधलं तेलाचं बारीक भोक बंद होईपर्यंत जातो. कामाचे राहिले २३ मिमी.

मास्टर सिलिंडरचं भोक होतं पाच-अष्टमांश इंच, म्हणजे १५.८७ मिमी. त्याचं क्षेत्रफळ १९८ चौरस मिमी. खालच्या स्लेव्हचं भोक सात-अष्टमांश इंच, २२.२२ मिमी, क्षेत्रफळ ३८८. वरून जेवढं तेल ढकलाल तेवढंच खाली येणार. म्हणून २३ गुणिले १९८ भागिले ३८८. स्लेव्हचा रॉड चालणार ११.७ मिमी. फोर्कच्या दोन बाजूंचं प्रमाण मोजलं तर १.८ आलं. ११.७ भागिले १.८, म्हणजे रिलीज बेअरिंग पुढं सरकणार फक्त साडेसहा मिमी.

डायफ्रामच्या क्लचला बेअरिंग साधारण ८ ते १० मिमी चालावं लागतं. आपल्याकडं साडेसहा. त्या गाडीचा क्लच सुटणं शक्यच नव्हतं, प्लेट नवी असो की जुनी. मी दोनदा बॉक्स उतरवला तो एका भागाकारासाठी. बीबीएला मी यापेक्षा अवघड गणितं सोडवलीत, आणि इथं कॅल्क्युलेटर खिशात असताना पाना उचलला.

बॉक्स उतरवण्याआधी बाहेरूनच काय कळतं

हे नीट वाचा, कारण पैसे इथं वाचतात.

पहिल्यांदा खात्री करा की दोष क्लच न सुटण्याचाच आहे. इंजिन बंद असताना सगळे गिअर टाकून बघा. सहज पडले आणि इंजिन चालू केल्यावर पडत नसतील, तर बॉक्सच्या आतल्या दांड्या-फाट्यांवर संशय घेऊ नका. मग गाडीच्या पुढं-मागं मोकळी जागा आहे हे बघून, इंजिन आयडलवर, पेडल पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि हळूच रिव्हर्स टाका. थांबूनही खर्रर्र आवाज आला तर प्लेट अजून इंजिनसोबत फिरतेय. क्लच सुटत नाही. (क्वचित फ्लायव्हीलमधला पायलट बुश जाम झालेला असतो, तोही असाच खेळवतो. बॉक्स बदलताना पायलट बुश नव्या बॉक्सच्या शाफ्टच्या मापाचा आहे का, हे बसवण्याआधीच बघायचं असतं.)

आता पेडल पटापट तीन-चार वेळा पंप करा आणि परत गिअर टाका. पंप केल्यावर सुधारणा झाली तर हवा आहे, नाहीतर मास्टरचा रबरी सील गेलाय. काहीच फरक पडला नाही तर बहुतेक मापाचा घोळ आहे. एवढ्या एका चाचणीनं अर्धं निदान होतं, आणि तिला एक रुपया लागत नाही.

त्यानंतर इंजिन बंद, चाकांना दगड. एक जण वर पेडल सावकाश पूर्ण दाबेल, दुसरा खाली स्लेव्हच्या रॉडजवळ पट्टी धरून रॉड किती मिमी सरकला ते वाचेल. हा आकडा आणि वहीतल्या हिशोबाचा आकडा शेजारी शेजारी लिहा.

मोजलेला आकडा हिशोबापेक्षा कमी आला, तर ट्रॅव्हल मधेच कुठंतरी हरवतोय. हवा, गळती, फुगणारी रबरी नळी, पेडलचा झिजलेला बुश, पुशरॉडची अंडाकृती झालेली पिन. जुन्या जीपांमध्ये आणखी एक : पेडलचा ब्रॅकेट ज्या पत्र्यावर असतो तो पत्राच चिरलेला असतो. पेडल दाबलं की मास्टरसकट पत्रा पुढं झुकतो. एकानं दाबायचं आणि दुसऱ्यानं बॉनेट उघडून मास्टरकडं बघायचं. मास्टर हललेला डोळ्यांना दिसतो. तिथं जाड पट्टी लावून मजबुती करणं हाच उपाय, सिलिंडर बदलून काही होत नाही.

मोजलेला आकडा हिशोबाइतकाच आला आणि तरी क्लच सुटत नाही, तर यंत्रणा प्रामाणिक आहे, मेळच चुकलाय. मामांच्या गाडीला स्लेव्हचा रॉड साडेअकरा मिमी चालत होता. हिशोब ११.७. म्हणजे हवाबिवा काही नव्हती.

पायाखालची मॅट विसरू नका. आमच्या त्या गाडीत बाजारातून आणलेली जाड रबरी मॅट होती, १८ मिमीची. पेडल तिच्यावरच टेकत होतं. १८ भागिले ६, म्हणजे मास्टरचे ३ मिमी मॅटनंच खाल्ले होते. १५० मिमी मी मॅट काढून मोजले होते. गाडी चालवताना मामांना तेवढेही मिळत नव्हते.

पुशरॉड लांब करणं म्हणजे उपाय नाही

आपल्याकडं शंभरातले बहुतेक मिस्तरी पहिला हात पुशरॉडला घालतात. का चुकतं ते सांगतो.

रॉड लांब केल्यानं ट्रॅव्हल वाढत नाही, फक्त सुरुवातीची जागा बदलते. पेडल तेवढंच चालणार, तेल तेवढंच ढकललं जाणार. मधे ढिलाई असेल तर ती निघते, तेवढाच फायदा. आणि मास्टरचा रॉड गरजेपेक्षा लांब केला तर पिस्टन पूर्ण मागं येतच नाही. वर सांगितलेलं ते तेलाचं बारीक भोक कायम झाकलेलं राहतं. इंजिनच्या उष्णतेनं नळीतलं तेल फुगतं, त्याला टाकीत परत जायला वाट नाही, मग ते स्लेव्हला हळूहळू ढकलत राहतं. ड्रायव्हरचा पाय पेडलवर नाही, तरी क्लच अर्धा दाबलेला. गाडी थंड असताना ठीक, तासाभरानं चढावर स्लिप. मामांची प्लेट आम्ही अशीच जाळली.

म्हणून मास्टरच्या रॉडला एक मिमीची मोकळीक ठेवायचीच. पॅडवर ती सहा मिमीची ढिलाई म्हणून जाणवते. बोटानं पेडल हलवून बघा, तेवढं हललं पाहिजे.

मग उपाय काय

सिलिंडरचं माप बदलणं. दोन वाटा होत्या. वरचा मास्टर पाऊण इंचाचा, १९.०५ मिमीचा लावायचा. त्याचं क्षेत्रफळ २८५. मग २३ गुणिले २८५ भागिले ३८८, स्लेव्ह चालणार १६.९ मिमी, बेअरिंग ९.४ मिमी. किंवा मास्टर तोच ठेवून खालचा स्लेव्ह पाऊण इंचाचा करायचा. मग स्लेव्ह १६ मिमी, बेअरिंग ८.९ मिमी.

दोन्हीत क्लच सुटतो. पण फुकट काही नाही. पहार आखूड धरली की जोर लागणारच. पहिल्या वाटेनं पेडल सुमारे ४४ टक्के जड होतं, दुसरीनं ३६ टक्के. मामा साठीच्या घरातले, गुडघे दुखणारे. त्यामुळं मला खरं तर दुसरी वाट आवडली असती. पण पाऊण इंची स्लेव्ह त्या बेल हाऊसिंगच्या भोकांना बसत नव्हता, आणि ब्रॅकेट बनवून लावला असता तर दाबाखाली तो वाकला असता. म्हणून मास्टर बदलला. आधीचं पेडल बरंच हलकं होतं, त्यामुळं ते मामांना चाललं. तुमच्या गिऱ्हाईकाला हे आधी सांगा. काम झाल्यावर सांगितलं तर ती तक्रार होते, आधी सांगितलं तर ती माहिती असते.

ट्रॅव्हल वाढवला की पेडलच्या खाली स्टॉप लावायचा. एक बोल्ट आणि लॉकनट पुरतो. कारण बेअरिंग गरजेपेक्षा जास्त गेलं तर डायफ्रामची बोटं जास्त दाबली जातात, प्रेशर प्लेट लवकर मरते. क्लच सुटतो त्याच्या थोडं पुढं, पॅडवर बोटभर, तिथं स्टॉप.

हवा काढताना एक जागा बघा. दुसऱ्या गाडीचा स्लेव्ह लावताना तो कधी कधी उलटा बसतो, हवा काढायची निपल खाली येते. हवा नेहमी वर जाते. निपल खाली असेल तर तुम्ही लिटरभर ब्रेक ऑइल वाया घालवाल, हवा निघणार नाही. अशा वेळी स्लेव्ह दोन बोल्ट काढून हातात घ्या, रॉड बाहेर पडू न देता निपल वर करा आणि मग हवा काढा. नळी शक्य तेवढी स्टीलची, रबरी तुकडा फक्त हलणाऱ्या जागेपुरता, आणि सायलेन्सरच्या पाइपापासून लांब. तेल बाटलीवर लिहिलेल्या ग्रेडचं ब्रेक ऑइलच. इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक जॅकचं तेल घातलं तर रबरी सील फुगून सगळं जाम होतं.

बॉक्स चढवण्याआधीची दोन मापं

हे मी आता प्रत्येक गाडीला करतो. क्लच फ्लायव्हीलवर घट्ट बसवला की इंजिनच्या मागच्या तोंडापासून डायफ्रामची बोटं किती मिमी बाहेर आलीत ते मोजायचं. मग बेल हाऊसिंगच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून, फोर्क पूर्ण मागं ढकलून, बेअरिंगचं तोंड किती आत आहे ते मोजायचं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की दोघांमधली जागा मिळते.

जागा शून्य किंवा वजा आली तर बेअरिंग विश्रांतीतही बोटांना दाबणार. क्लच पहिल्या दिवसापासून स्लिप. बेअरिंगची कॉलर लांब आहे, ती बदला. आणि थोडीशी जागा आली म्हणूनही खूश होऊ नका. प्लेट झिजते तशी बोटं गिअरबॉक्सच्या दिशेनं बाहेर येतात, आणि प्लेटच्या एक मिमी झिजेला बोटं चार-पाच मिमी सरकतात. आपोआप जुळवून घेणाऱ्या हायड्रॉलिक क्लचला नव्या प्लेटवर निदान ८-१० मिमी जागा राखीव पाहिजे. नाहीतर गाडी सहा महिने छान चालते आणि मग गिऱ्हाईक "प्लेट डुप्लिकेट दिली" म्हणत येतो. प्लेट बिचारी चांगली असते.

फार जास्त जागा असेल तर उलटा त्रास. स्लेव्हचा पिस्टन आपल्या भोकाच्या शेवटापर्यंत जातो आणि एक दिवस बाहेर निसटतो, तेल सगळं खाली. फ्लायव्हील लेथवर घासून घेतलं असेल तर ही जागा तेवढी वाढते, हे हिशोबात धरा.

कागदाचं एक. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. आरसीवर लिहिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. इंजिन बदलायचं म्हणाला तर आधी आरटीओ, मग पाना. गिअरबॉक्सच्या कामातही चेसिस कापायची वेळ आली तर काम सोडून द्या, कितीही पैसे देत असला तरी.

आता व्यवसायाकडं. मी आता अशा कामाचा भाव एका आकड्यात सांगत नाही. आधी मोजणी, तिचे ३०० रुपये वेगळे, काम आपल्याकडंच झालं तर बिलात वजा. मोजणीनंतर जॉब कार्डवर पाच आकडे लिहितो : पेडलचं प्रमाण, मास्टरचं भोक, स्लेव्हचं भोक, फोर्कचं प्रमाण, आणि बेअरिंगचा निघणारा ट्रॅव्हल. शेवटचा आकडा आठच्या खाली असेल तर सिलिंडर बदलण्याचा खर्च तिथंच अंदाजात धरतो आणि गिऱ्हाईकाची सही घेतो. वापरलेल्या बॉक्सच्या आतल्या गिअरची गॅरंटी मी देत नाही, ते लिहून देतो. क्लच सुटण्याची गॅरंटी देतो, कारण ती माझ्या वहीत आहे.

मामांच्या कामात बॉक्स दोन वेळा जादा उतरला. एका वेळची माझी मजुरी तेव्हा ३,००० रुपये. म्हणजे सहा हजार आणि एक जळालेली क्लच प्लेट मी खिशातून भरली, वर दोन मिस्तरींचे दिवस गेले. मामांकडून फक्त मास्टर सिलिंडरचे पैसे घेतले. त्यांचं गाडीभाडं मी द्यायला निघालो तर म्हणले, "राहू द्या मालक, पुढल्या येळी ध्यान द्या."

परवा ते आले होते. प्लेट आता खरंच झिजली होती, बदलायची वेळ झाली होती. जुनी वही काढली, आकडे होते तसे. स्टॉपचा बोल्टही जागेवर. पायाखाली मात्र पुन्हा नवी मॅट, आधीपेक्षा जाड. ती आधी काढली, मग गाडी आत घेतली.